वडिलांच्या आउटलुक एक्सप्रेसमधले मेल नक्की कुठे गेलेत

ताई, तुमचा प्रश्न आधी मला जसा समजला तसा लिहितो, काही चुकत असेल तर सांगा. वडिलांचा विंडोज एक्सपीवाला जुना पीसी, त्यात आउटलुक एक्सप्रेस ६ हा मेलचा जुना प्रोग्राम, २००३ ते २०११ पर्यंतचे मेल त्यात, आणि त्यातच न्यू जर्सीच्या काकांनी वडिलांना लिहिलेली पत्रं. काका आता नाहीत. मशीन कित्येक वर्षांनी चालू केलं तर इनबॉक्समध्ये फक्त सात मेल दिसतात, सातही ठळक अक्षरात, आणि 'काका' नावाचं फोल्डर होतं तेच दिसत नाही. मध्ये एकदा प्रोग्राम बंद करताना कसलातरी बॉक्स आला आणि तुमच्या भावाने ओके दाबलं. आता काकांची पत्रं परत मिळतील का, हा प्रश्न.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला बरीच आशा वाटतेय, का ते खाली सांगतो. पण त्याआधी एक काम करा, आत्ता लगेच: आउटलुक एक्सप्रेस बंद करा आणि पुढचं वाचून होईपर्यंत उघडू नका. भावालाही सांगा. मी पंचवीसेक वर्षं लोकांचे पीसी दुरुस्त करतोय आणि मेल खरोखर कायमचे गेले अशा ज्या केसेस माझ्याकडे आल्या त्यातल्या बहुतेकांत मेल आधी गेलेच नव्हते, ते शोधायच्या खटपटीत गेले. मेल दिसत नाही आणि मेल नाही या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमचं पहिल्या प्रकारातलं आहे की दुसऱ्या हे मेलच्या खिडकीत बघून कळत नाही, ते फाइल बघून कळतं.

हा प्रोग्राम मेल कसे ठेवतो ते दोन मिनिटांत सांगतो कारण ते कळलं की बाकी सगळं सोपं होतं. प्रत्येक फोल्डरची एक फाइल असते, शेवटी डीबीएक्स असलेली. इनबॉक्सची इनबॉक्स डॉट डीबीएक्स, सेंट आयटम्सची सेंट आयटम्स डॉट डीबीएक्स, आणि वडिलांनी 'काका' फोल्डर केलं असेल तर त्याची त्याच नावाची डीबीएक्स. त्या फोल्डरमधले सगळेच्या सगळे मेल, फोटो, अटॅचमेंट, सगळं त्या एकाच फाइलमध्ये. याशिवाय फोल्डर्स डॉट डीबीएक्स नावाची एक वेगळी फाइल असते, तिच्यात मेल नसतात, डावीकडे फोल्डरांचं जे झाड दिसतं त्याची फक्त यादी असते. म्हणजे ही यादी बिघडली तर फोल्डर गायब दिसतं पण फोल्डरची खरी फाइल डिस्कवर जशीच्या तशी पडून असते. तुमच्या 'काका' फोल्डरचं असं झालं असायची शक्यता आहे.

आता या फाइली कुठे असतात. टूल्समध्ये ऑप्शन्स, तिथे मेंटेनन्स टॅब, तिथे स्टोअर फोल्डर नावाचं बटण, ते दाबलं की पूर्ण पत्ता दिसतो. पण मी प्रोग्राम उघडू नका म्हटलंय, त्यामुळे हाताने जा: सी ड्राइव्ह, डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, वडिलांचं यूजर नाव, लोकल सेटिंग्ज, ॲप्लिकेशन डेटा, आयडेंटिटीज, मग महिरपी कंसात लांबलचक आकडे-अक्षरं असलेलं फोल्डर, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात आउटलुक एक्सप्रेस. लोकल सेटिंग्ज हे फोल्डर विंडोज लपवून ठेवतं त्यामुळे आधी कुठल्याही फोल्डरमध्ये टूल्स, फोल्डर ऑप्शन्स, व्ह्यूमध्ये जाऊन शो हिडन फाइल्स अँड फोल्डर्स चालू करा, नाहीतर तुम्ही तासभर शोधाल आणि ते दिसणारच नाही. सर्चने शोधायचं असेल तर तिथेही ॲडव्हान्स्डमध्ये हिडन फाइल्सची टिक लागते, ती नसली की सर्च काही सापडलं नाही म्हणतो आणि माणूस समजतो फाइलच नाही.

ते आउटलुक एक्सप्रेस नावाचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. कॉपी हं, कट नाही. शक्यतो दोन पेनड्राइव्हवर. आणि आयडेंटिटीजमध्ये कंसवाली फोल्डरं एकाहून जास्त असतील तर सगळीच घ्या. शेवटी डीबीटी असलेली एखादी फाइल दिसली तर तीही घ्या, ती अर्धवट राहिलेल्या कॉम्पॅक्टची, म्हणजे मेलची फाइल आवळून लहान करण्याच्या कामाची, तात्पुरती फाइल असते आणि कधीकधी तिच्यातच माल असतो. पत्ते हवे असतील तर ॲप्लिकेशन डेटा, मायक्रोसॉफ्ट, ॲड्रेस बुकमधली वॅब फाइलपण घ्या, मात्र हा ॲप्लिकेशन डेटा लोकल सेटिंग्जच्या बाहेरचा, थेट यूजरच्या नावाखालचा.

या कॉपीवर मी एवढा का अडतो ते सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका ऑफिसचा पीसी माझ्याकडे आला, चुकून एक महत्त्वाचा मेल डिलीट झाला होता, डिलीटेड आयटम्समधूनही काढून टाकला होता. मला वाटलं फाइल जरा हळू चालतेय तर आधी कॉम्पॅक्ट करून नीट करू मग शोधू. कॉम्पॅक्ट झालं आणि तो मेल कायमचा गेला, कारण कॉम्पॅक्ट म्हणजे डिलीट झालेल्या मेलची जागा खरोखर रिकामी करणं. त्या माणसाला ते सांगताना जे वाटलं ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून कॉपी हातात आल्याशिवाय मी कुणाच्या मेलला हात लावत नाही.

आता फाइलींची साइज बघा. फोल्डरमध्ये व्ह्यू, डिटेल्स केलं की साइजचा कॉलम दिसेल. इनबॉक्सची फाइल काही दहा-वीस-शंभर एमबी किंवा त्याहून जास्त असेल तर मेल बहुधा आहेत, फक्त दिसत नाहीयेत. ती जेमतेम शे-दोनशे केबी असेल तर ती फाइल नवी आणि रिकामी आहे, म्हणजे जुनी फाइल दुसरीकडे कुठेतरी आहे किंवा गेली आहे. सगळ्या शोधात ही एक गोष्ट सगळ्यात जास्त सांगून जाते.

साइज मोठी असेल तर आता बिनधास्त प्रोग्राम उघडा, फक्त नेट तोडून, आणि कॉम्पॅक्टबद्दल काहीही विचारलं तर कॅन्सल. वर व्ह्यू मेनूत करंट व्ह्यू आहे, त्यात बघा टिक कुठे आहे. मला जवळजवळ खात्री आहे की ती हाइड रीड मेसेजेसवर असेल. तुम्ही लिहिलंय ना की सातही मेल ठळक आहेत, ठळक म्हणजे न वाचलेले, म्हणजे वाचलेले सगळे लपवलेत आणि हे सात कुणी उघडले नाहीत म्हणून उरलेत! तिथे शो ऑल मेसेजेस करा, आठ वर्षांचे मेल एका क्षणात समोर येतील. हे कुणाच्याही हातून चुकून होतं, माउस एक ओळ खाली सरकला की झालं, आणि प्रोग्राम सांगत काहीच नाही. सगळे मेल वाचलेले असले तर रिकाम्या खिडकीत नुसतं लिहून येतं की या व्ह्यूमध्ये काही आयटम नाहीत, आणि फोल्डर खरंच रिकामं असलं तरी तेच वाक्य येतं, त्यामुळे लोक घाबरतात. त्याच मेनूत ग्रुप मेसेजेस बाय कॉन्व्हर्सेशन असतं, ते चालू असेल तर उत्तराचे मेल पहिल्या मेलच्या पोटात जातात आणि शेजारी एक प्लसचं चिन्ह दिसतं. काका आणि वडील एकाच मेलला रिप्लाय करत वर्षभर लिहीत राहिले असतील तर ते सगळे एका प्लसमागे असू शकतात. ती टिक काढा.

दिसण्यातलेच आणखी दोन-तीन प्रकार पटकन सांगून टाकतो. मेलची यादी आणि खालचा प्रिव्ह्यू यांच्यातली आडवी रेघ कुणी वर ओढली तर यादीला जागाच उरत नाही, ती रेघ धरून खाली आणायची. सॉर्टिंग नावावर किंवा विषयावर गेलं तर तारखेप्रमाणे शोधणाऱ्याला मेल सापडत नाही, रिसिव्हड कॉलमच्या डोक्यावर क्लिक करायचं. आणि डावीकडची फोल्डरांची यादीच गेली असेल तर व्ह्यू, लेआउटमध्ये फोल्डर लिस्टची टिक.

'काका' फोल्डरचं आता. आधी डावीकडे लोकल फोल्डर्स आणि इनबॉक्स यांच्या शेजारचे प्लस उघडून बघा, कारण माउसने फोल्डर ओढलं जाऊन दुसऱ्याच फोल्डरच्या पोटात गेलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय, अगदी डिलीटेड आयटम्सच्या पोटातसुद्धा. तिथे नसेल तर स्टोअर फोल्डरमध्ये त्या नावाची डीबीएक्स आहे का बघा. ती असेल, आणि प्रोग्राममध्ये दिसत नसेल, तर यादीच बिघडली आहे. अशा वेळी मी असं करतो: प्रोग्राममध्ये लोकल फोल्डर्सखाली नवं फोल्डर करायचं, नाव मुद्दाम वेगळं द्यायचं, समजा 'जुनेकाका', त्यावर एकदा क्लिक करायचं कारण क्लिक केल्याशिवाय त्याची फाइल तयार होत नाही, मग प्रोग्राम पूर्ण बंद करायचा. आता स्टोअर फोल्डरमध्ये जुनेकाका नावाची छोटी रिकामी डीबीएक्स दिसेल. ती बाजूला काढायची, काकांच्या जुन्या डीबीएक्सची एक कॉपी करून तिला जुनेकाका हे नाव द्यायचं आणि त्या जागी ठेवायची. प्रोग्राम उघडला की मेल दिसतात. मूळ फाइल जिथे होती तिथेच राहते, म्हणून हे सुरक्षित आहे.

इनबॉक्सची फाइल रिकामी निघाली तर काय. तेव्हा पहिला संशय मी घेतो तो आयडेंटिटीचा. एकाच विंडोज यूजरमध्ये घरातल्या चार माणसांचे वेगळे मेल ठेवता यावेत म्हणून ही सोय होती, फाइल मेनूत स्विच आयडेंटिटी असतं तिथे मेन आयडेंटिटीशिवाय दुसरं नाव दिसतं का बघा. आयडेंटिटीजमध्ये दोन कंसवाली फोल्डरं असणं हीच त्याची खूण, आणि ज्याची साइज जास्त त्यात मेल. दुसरा संशय विंडोजच्या प्रोफाइलचा, म्हणजे प्रत्येक यूजरच्या फाइली आणि सेटिंग्जच्या फोल्डरचा. लाइट गेल्यामुळे किंवा डिस्क खराब होत चालल्यामुळे यूजरचं प्रोफाइल बिघडलं की एक्सपी त्याच माणसाचं नवं प्रोफाइल करतं, नावापुढे टिंब आणि कॉम्प्युटरचं नाव जोडून. माणसाला वाटतं डेस्कटॉप पण गेला, मेल पण गेले, फोटो पण गेले, आणि सगळं शेजारच्याच फोल्डरमध्ये असतं. आउटलुक एक्सप्रेस नव्यासारखं उघडून अकाउंट बनवायला सांगत असेल तर हेच झालेलं असतं. डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जमध्ये वडिलांच्या नावासारखी दोन फोल्डरं आहेत का बघा.

तिसरा संशय भावाने दाबलेल्या त्या ओकेचा. एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून हा प्रोग्राम शंभर वेळा बंद केला की मेसेज येतो, डिस्कची जागा वाचवायला मेल कॉम्पॅक्ट करू का, आणि ओके केलं की प्रत्येक फोल्डरची फाइल नव्याने लिहिली जाते. साधारणपणे यात काही बिघडत नाही. पण ते चालू असताना मशीन बंद केलं किंवा लाइट गेली तर फाइल मोडते. दोन हजारच्या दशकात आपल्याकडे लोडशेडिंग काय होतं ते तुम्हाला आठवत असेल, आमच्या भागात दिवसाचे कित्येक तास लाइट नसायची, त्या काळात या एका कारणाने माझ्याकडे किती मशीन आली त्याला गणती नाही. सुदैवाने नंतरच्या अपडेट्समध्ये एक चांगली सोय आली की कॉम्पॅक्ट करताना जुन्या फाइलची प्रत बीएके नावाने रिसायकल बिनमध्ये टाकली जाते. म्हणून रिसायकल बिन रिकामी करू नका, कृपा करून! तिथे इनबॉक्स डॉट बीएके किंवा काकांच्या नावाची बीएके दिसली तर रिस्टोअर करा, त्याची पेनड्राइव्हवर कॉपी घ्या, आणि त्या कॉपीचं शेवटचं बीएके काढून डीबीएक्स करा. कॉम्पॅक्टच्या आधी फाइल जशी होती तशी ती असते.

अँटीव्हायरसही बघायला हवा. एखाद्या जुन्या मेलच्या अटॅचमेंटमध्ये व्हायरस असेल तर काही अँटीव्हायरस तो मेल नाही, पूर्ण डीबीएक्स फाइलच उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटीव्हायरसच्या कोंडून ठेवायच्या जागेत टाकतात, एका मेलपायी पाच हजार मेल जातात. क्वारंटाइनची यादी उघडून बघा, तिथून परत आणता येतं. ही फाइल परत आणल्यावर आतल्या अटॅचमेंट मात्र उघडू नका.

फाइल आहे, मोठी आहे, पण प्रोग्राम उघडतच नाही किंवा फोल्डरवर क्लिक केलं की एरर, तर फाइल मोडलेली आहे. या फाइलला २ जीबीची मर्यादा आहे हेही लक्षात असू द्या, इनबॉक्स त्याच्या जवळ गेला की असे प्रकार सुरू होतात, आणि बरेच लोक आयुष्यभराचे मेल इनबॉक्समध्येच ठेवतात. मोडलेल्या फाइलसाठी मी यूएनडीबीएक्स नावाचा छोटा फुकट प्रोग्राम वापरतो, तो आजच्या विंडोजवरही चालतो. पेनड्राइव्हवरची कॉपी तुमच्या लॅपटॉपवर घ्या, त्याला ते फोल्डर दाखवा, तो प्रत्येक मेलची एक ईएमएल फाइल काढून देतो. खरं सांगायचं तर काही मोडलेलं नसलं तरी मी हाच रस्ता पसंत करतो, कारण त्यात एक्सपीची, जुन्या प्रोग्रामची कशाचीच गरज उरत नाही.

यातच रिकव्हरी मोड आहे, तो डिलीट केलेले पण अजून कॉम्पॅक्ट न झालेले मेलही उकरून काढतो. पण त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते आधीच सांगतो. आउटलुक एक्सप्रेस मेल साधारण ५१२ बाइटच्या तुकड्यांत ठेवतो आणि डिलीट करताना प्रत्येक तुकड्यातले ४ बाइट खराब होतात. साध्या इंग्रजीत लिहिलेलं पत्र असेल तर दर पाच-सहा ओळींनी चार अक्षरं विचित्र दिसतील, बाकी पत्र वाचता येतं, अर्थ लागतो. फोटो किंवा वर्डची फाइल असेल तर ती बहुधा उघडणार नाही, कारण तिथे चार बाइटही चालत नाहीत. म्हणून डिलीट झालेलं पत्र मिळेल असं मी म्हणेन, डिलीट झालेला फोटो मिळेल असं शब्द देऊन म्हणणार नाही.

डीबीएक्स फाइल डिस्कवर कुठेच नाही, रिसायकल बिनमध्ये नाही, असं निघालं तर मशीन बंद करा आणि वापरू नका, कारण एक्सपी नुसतं चालू असलं तरी डिस्कवर काहीबाही लिहीत असतं आणि ते नेमकं त्या मोकळ्या जागेत जाऊ शकतं. डिस्क काढून घ्या, यूएसबी ॲडॅप्टर लावून दुसऱ्या मशीनला जोडा, त्या वेळच्या डिस्कना बहुतेक रुंद पट्टीवाला आयडीई कनेक्टर असतो त्यामुळे ॲडॅप्टर घेताना बघून घ्या. फोटोरेक हा फुकट प्रोग्राम डीबीएक्स फाइल ओळखतो. फाइलींची नावं परत येत नाहीत, नुसते आकडे येतात, मग एकेक उघडून बघायची. निघालेल्या फाइली त्याच डिस्कवर सेव्ह करू नका. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच घरी करू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

मेल सापडले आणि उघडल्यावर अगम्य इंग्रजी अक्षरं दिसली तरी फाइल बिघडली असं समजू नका. त्या वर्षांत मराठी लिहिणारे बरेच लोक शिवाजी, किरण असले फॉन्ट टाकून लिहायचे, ते युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत, नव्हतं, तो फॉन्ट मशीनवर नसेल तर मजकूर कचऱ्यासारखा दिसतो. तो फॉन्ट टाकला की पत्र जसंच्या तसं वाचता येतं. पत्र युनिकोडमध्ये असेल तर व्ह्यू, एन्कोडिंगमध्ये युनिकोड निवडा, आणि एक्सपीवर चौकोन दिसत असतील तर रिजनल सेटिंग्जमध्ये लँग्वेजेसखाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची टिक लागते, तिच्यासाठी एक्सपीची सीडी मागेल. लॅपटॉपवर हा त्रास नाही. तसंच अटॅचमेंटचं नाव फिकट दिसतं आणि सेव्ह होत नाही असं असेल तर टूल्स, ऑप्शन्स, सिक्युरिटीमध्ये संशयास्पद अटॅचमेंट उघडू देऊ नका अशा अर्थाची टिक आहे ती तेवढ्यापुरती काढा. काकांनी पाठवलेले फोटो त्यामुळे अडलेले असू शकतात.

कुणी तुम्हाला सांगेल की मेल सर्व्हरवरून परत उतरवून घ्या. तुमच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. तेव्हा पॉप अकाउंट असायची आणि सर्व्हरवर प्रत ठेवा ही टिक वेगळी लावली नसेल तर मेल उतरला की सर्व्हरवरून पुसला जायचा. शिवाय आजचे मेल सर्व्हर ज्या सुरक्षित जोडणीचा आग्रह धरतात ती एक्सपीवरच्या या प्रोग्रामला जमत नाही. तुमच्या काकांची पत्रं जगात असतील तर त्या डिस्कवरच आहेत. काकांच्या घरी त्यांचा जुना पीसी कुणी ठेवला असेल तर मात्र त्यांच्या सेंट आयटम्समध्ये हीच पत्रं असतील, काकूंना किंवा चुलत भावंडांना एकदा विचारून बघा, आणि मिळालाच तर त्यांनाही तो चालू करायच्या आधी हे सगळं वाचायला द्या.

सापडल्यावर ती जुन्या मशीनमध्ये ठेवू नका. प्रोग्राम नीट चालत असेल तर सगळे मेल सिलेक्ट करून डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये ओढले की प्रत्येकाची ईएमएल फाइल होते, ती आज कुठल्याही मशीनवर थंडरबर्ड या मेलच्या फुकट प्रोग्राममध्ये उघडते. दुसरीकडे कुठे आउटलुक एक्सप्रेसमध्येच इम्पोर्ट करणार असाल आणि फोल्डरमध्ये मेसेज नाहीत किंवा दुसरा प्रोग्राम फाइल वापरतोय अशी एरर आली तर फाइली सीडीवरून आल्यात का बघा, सीडीवरून कॉपी केलेल्या फाइली रीड ओन्ली राहतात, प्रॉपर्टीजमध्ये ती टिक काढली की इम्पोर्ट होतं. काकांची पत्रं तरी मी म्हणेन पीडीएफ करून वडिलांसाठी मोठ्या अक्षरात प्रिंट काढा.

तर आज फक्त एवढंच करा: प्रोग्राम बंद, स्टोअर फोल्डरची कॉपी दोन पेनड्राइव्हवर, आणि त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नावं, साइज आणि तारखा मला लिहून पाठवा, मोबाइलवर फोटो काढून पाठवला तरी चालेल. आयडेंटिटीजमध्ये किती फोल्डरं आहेत आणि रिसायकल बिनमध्ये बीएके दिसतात का तेही लिहा. त्यावरून पुढे नेमकं कुठून सुरू करायचं ते सांगतो.